मोजदाद

पालच्या पुढे रस्ता सुकी नदीत उतरतो
आणि परत वर यायला विसरतो.
तिथेच फिरोजने टेम्पो थांबवला.
मोजणी माझ्याकडे,
पतपेढीत बावीस वर्षं नोटा मोजल्यात म्हणून.
चौदा डोकी, तीन तंबू, पोतंभर वांगी
आणि टपावर बांधलेल्या कपाशीच्या काड्या.

काड्या भुसावळहून आणल्या, कारण सुभान तडवी,
इथला वनरक्षक, फोनवरच बोलला होता:
रानातली वाळकी काडीसुद्धा उचलायची नाही,
तिच्यात कुणीतरी राहत असतं.
आम्ही हसलो होतो.
आता त्याने पडलेल्या सालईची साल
नखाने जराशी उचलून दाखवली.
आत एवढं गाव नांदत होतं
की मी मोजायचं सोडून दिलं.
साल त्याने पुन्हा लावली,
दुसऱ्याच्या घराचं दार ओढून घ्यावं तशी.

हर्षालीचा तंबू ऑनलाइन आलेला.
सूचना चिनीत, एक दांडी कमी,
सल्ले मात्र चौदा.
अर्ध्या तासाने उभा राहिला एकदाचा,
पोळ्याच्या संध्याकाळच्या बैलासारखा
एका अंगावर कलून.
कल्पना वायकोळे म्हणाली, राहू द्या,
कलत्या बाजूला मी झोपते, घरी तरी काय वेगळं.
कुणी पुढे विचारलं नाही.
अंजनाची दोन पानं, एकाच देठाला चिकटलेली,
तिच्या केसांत येऊन पडली.
तिने ती काढली नाहीत.

भरिताचा सेनापती तुळशीदास झोपे.
वांगी काळी झाली, सोलली गेली,
बडगीत ठेचली गेली मिरची-लसणासकट,
वर कांद्याची पात.
कळण्याच्या भाकरीने तोंडं बंद झाली
तेवढीच दहा मिनिटं शांतता.
"अस्वलाला भरीत चालतं का हो?" झोपेने विचारलं.
"भेटलं की विचारून सांगतो," सुभान म्हणाला
आणि हात धुवायला गेला.

रात्री दहाला मोजलं. तेरा.
पुन्हा मोजलं, नाव घेऊन, बोट लावून.
सवयीने बोट जिभेकडे गेलं, ओलं करायला.
तेरा.
मग सगळ्यांचा आवाज एकदम बसला
आणि कळलं, रान केव्हाचं बोलत होतं,
आमचं संपायची वाट न पाहता.

नेहेतेकाका सापडले नदीच्या पात्रात,
कोरड्या वाळूवर, बॅटरी बंद,
कानटोपी काढून मांडीवर घेतलेली. एवढ्या थंडीत.
"काय करी राहिले काका अंधारात?"
"ऐकी राहिलो."
"काय?"
"काहीच नाही ना वं. तेच तं ऐकी राहिलो."

एकतीस वर्षं यार्डात डबे जोडणारा माणूस.
रिटायर झाल्यावरही रात्री झोपेत
हात वर करून गाडी मागे घ्यायचा,
काकू सांगायच्या, होत्या तोवर.

वरून सागाचं एक पान निघालं.
या फांदीला लागलं, त्या फांदीला लागलं,
आणि पायातून निसटलेल्या चपलेएवढा आवाज करून
खाली टेकलं.
"आठवं," काका म्हणाले.

मी रागवायला आले होते. बसले.
बॅटरी विझवली.
नववं फार वेळ आलं नाही.
समोर उंचावर एक उजेड होता,
पाड्यावरचा दिवा किंवा सातपुड्याला टेकलेला तारा,
विचारायला सुभान जवळ नव्हता
आणि मला तसं कळायलाच हवं होतं असंही नाही.

सकाळी आम्ही बसलो होतो त्याच्या अलीकडे
ओल्या वाळूत ठसे.
सुभानने वाकून वीत लावली,
नाव सांगितलं नाही.
"आलं, पाणी प्यालं, गेलं," एवढंच.
झोपे आडनावाचा माणूस
त्यानंतर भुसावळपर्यंत जागा राहिला.

निघताना मोजलं: चौदा.
तंबू तीन, राख एक पिशवी, तीही सोबत घेतलेली.
पतपेढीत हिशेब जुळला की घरी जाता येतं.
इथे जुळला, आणि कुणी जागचं हलेना.
शेवटी फिरोजने हळूच एकदा हॉर्न दिला.
काकांनी कानटोपी घातली
आणि दोन्ही हातांनी
खाली, पार मानेपर्यंत ओढली.